एक अक्षर भाडं

सेलूच्या वाचनालयात दाखल क्रमांक एकोणीसशे सात.
कादंबरी, अद्भुत. लेखकाच्या नावाचं पान वाळवीनं खाल्लेलं.
त्यात एक बाई झोपेत निघते
आणि परक्यांच्या स्वप्नांतून चालत जाते.
दर वेशीवर पहारेकरी, प्रत्येकाचं एकच मागणं:
भाडं म्हणून एक अक्षर दे. दिलंस की ते तुझं नाही.

शेवटचा फर्मा गायब. सोळा पानं.
दोनशे चाळीसाव्या पानावर बाईकडं तीनच अक्षरं उरलीत
आणि समोर आणखी एक वेस.

कार्डावर बघा:
फौजदारीचे वकील अंबुलगेकर, तीनदा.
जिनिंगवरचा सोपान गव्हाणे, एकाच पावसाळ्यात दोनदा.
परत करताना सगळे हळूच विचारतात, पुढं काय होतं हो बाई?
जणू मीच पदराखाली लपवलंय.

गौसमामू पुस्तकं बांधतात.
खळ शिजवताना मोरचूद टाकतात, कसरीला जरब म्हणून.
म्हणाले, "पाठ पक्की करून देतो. शेवटाचं तुम्ही बघा."

त्या रात्री लाइट गेली. पुस्तक उशाशी, पोरगं कुशीत.
झोपेत सेलूचं स्टेशन होतं,
मीटरगेजचे रूळ अजून उखडले नव्हते.
तिकिटाच्या खिडकीतून हात पुढं आला.
मी हिशेब केला, बाजारात करते तसा, काटकसरीचा:
मुळाक्षरांत शेवटून तिसरं,
शब्दाच्या सुरुवातीला कधीच न येणारं,
कायम मागच्या बाकावर बसलेलं ते पोर.
ळ घ्या, म्हटलं.
त्यानं दातांखाली दाबून, पारखून घेतलं.

आणि वर पाहिलं तर नुसती आभा.
रस्ता जिथं वाकायचा तिथं एक वण.
चुलीत पेटलेलं म्हणत होतं, जा.
दुधनेत पाऊल रुतलं, चिखल म्हणाला, गा.
जिवाला लागलेला घोर चाचपला,
तर तिथं एक काजी बसलेला,
दाढीवरून हात फिरवत, निवांत.

गव्हाणेच्या स्वप्नात सरकीचा डोंगर,
माथ्यावर त्याची बायको, हयातीत न विणलेला स्वेटर विणत.
वकिलांच्या स्वप्नात एकच खोली, पिंजऱ्यात ते स्वतः,
आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्यांचं लहानपणचं दप्तर.
परक्याच्या झोपेतून जाताना चपला हातात घ्यायच्या असतात,
एवढं मी पुस्तकात वाचलं होतं.

मग भ्यायले. पोरगं मागं एकटं.
रोज मारते तशी हाक मारली, पोटातून,
तर तोंडातून अर्धीच निघाली:
बा!

बानं मागं पाहिलं.
ट्रेडलच्या छापखान्यात, टाइपाच्या खणांसमोर उभा,
तेवीस वर्षांपूर्वी गेलेला, बोटांना अजून शाई.
एका रिकाम्या खणावर बोट ठेवून म्हणाला,
"हे संपलं. पुण्याहून मागवा म्हणून किती पत्रं लिहिली मालकाला.
शेवटचा फर्मा अडला तो अडलाच."
मी म्हटलं, पानं राहू दे, बा.
मला फक्त शेवटची एक ओ...

"ओ," बा म्हणाला.
मान वर न करता. मी हाक मारल्यासारखा.

सकाळी दूधवाल्याच्या भोंग्यानं जाग आली.
आभाळ, काळजी, बाळ, सगळं जागच्या जागी,
बाळाला तर शाळेला उशीर.

मामूंना सांगितलं. ते पुठ्ठा कापत होते.
"हमारे में तो ये हरफ हैच नई, बाई," म्हणाले,
"फिर भी नींद आती."

रजिस्टरात शेरा लिहिला: पाने सोळा कमी, पुस्तक देण्यायोग्य.
दुपारी हमालवाडीतली नूरजहाँ आली, अकरावीतली,
दारात थबकून म्हणाली, "शेवट आहे ना ह्याला?"
तेवढ्यात कपाटांच्या मधून
कुणीतरी मला नावानं हाक मारली.
तिकडं कुणी नव्हतं. तरी मी ओ दिली.
पोरगी केव्हाच पायऱ्या उतरून गेली होती.